कांकणचोर

परवापासून आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मी कांकणचोर म्हणून ओळखला जातोय. चोरी कसली, तर माझ्याच पिशवीतल्या कांकणांची, म्हणजे बांगडीसारख्या गोल, कुरकुरीत पावांची.

गोव्यात फोंड्याला आमच्याकडे पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत येतो, फाटकाला टांगलेल्या पिशवीत चार उंडे (गोल पाव) आणि दोन कांकणं टाकून जातो. तीन दिवस कांकणं गायब. बायको शेजारच्या माईंना सांगून बसली आणि तिथेच घात झाला.

माई मूळच्या म्हार्दोळच्या, निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. मुलाने अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या कादंबऱ्या आणून दिल्यापासून वाड्यावर कुणाची बादली हलली तरी त्यांना वास येतो. "बारा आहेत. पहिली १९३० ची," हे मला न विचारता चारदा सांगून झालंय. ती मार्पल म्हातारी लोकर विणता विणता खुनी पकडते. आमच्या माई जायांची फाती, म्हणजे जाईच्या फुलांच्या वेण्या, ओवता ओवता.

"काल साडेसहाला कुठं होतास?"

"झोपलो होतो."

"मग चपला ओल्या कशा?"

"माई, श्रावण आहे. आख्खा गोवा ओला आहे."

त्यांनी दोरा ओठांत धरला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "मिस मार्पलला माणूस बघितला की तिच्या गावातलं कुणीतरी आठवतं. तुला बघून मला आमच्या शाळेतला शिपाई आठवतो. असाच गरीब चेहरा. खडू विकायचा."

एव्हाना दूधवाला थांबलेला. माईंनी माझ्या कॉलरवरून एक कण उचलला.

"उंड्याचा आहे तो!" मी.

माईंनी तो कवळीखाली धरला. कुर्रर्र. "उंडा असा वाजत नाही रे बाबा."

आता खरं सांगतो. मंगळवारी एक खाल्लं. साखर आहे, डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणून उभ्याउभ्या, फाटकातच. पण सहापैकी एक! उरलेल्या पाचांचं काय? कुणी विचारायला तयार नाही. तपास संपला, दूधवाल्याने बातमी पुढच्या वाड्यावर पोचवलीसुद्धा.

आणि आमच्या गल्लीत पावसाआधी कुणीतरी चर खणून ठेवलाय, पाइप ना माती. माझी स्कूटर दोनदा त्यात गेली. कोण खणून गेलं, कुणालाच ठाऊक नाही. म्हटलं, माई, याचा लावा ना छडा. तर म्हणतात, "ते सरकारी काम रे. आपण कशाला पडा त्यात?" माझ्या कॉलरवरचा कण दिसतो आणि गुडघाभर चर दिसत नाही!

बायकोने कांकणं बंद केलीत. आता फक्त पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, मोजून चार. आज सकाळी पिशवीत तीन होत्या. मी गुपचूप आत आणून ठेवल्या.