जंतूंना औषधाची 'सवय' होत नाही

'सारखी अँटिबायोटिक घेऊन घेऊन शरीराला त्यांची सवय झालीय, आता लागूच पडत नाहीत.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं की हात शिवशिवतात. आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

सवय शरीराला होत नाही. 'शरीराला नाही हो, जंतूला होते' अशी दुरुस्ती करणारे भेटतात, पण तेही चुकतात. एखाद्या बॅक्टेरियाला थोडंथोडं औषध पाजलं आणि तो ते पचवायला शिकला, असं घडत नसतं. औषधाच्या माऱ्यात बहुतेक मरतात. ज्याच्याकडे बचावाची सोय आधीपासून असते तो उरतो आणि त्याचीच पिल्लावळ वाढते. मग ही सोय आली कुठून? कधी डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुकीतून, म्हणजे म्युटेशनमधून. क्षयाच्या जंतूत मुख्यतः हेच होतं. पण इतर कितीतरी जंतूंच्या बाबतीत उत्तर वेगळं आहे: शेजाऱ्याकडून, तयार.

एम.एस्सी.ला आम्हाला याचं प्रॅक्टिकल होतं. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरियाचे दोन वाण. एकाला ॲम्पिसिलीनने काही होत नाही, पण स्ट्रेप्टोमायसिनने तो मरतो. दुसऱ्याचं बरोबर उलटं. अगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, दोन्ही औषधं घातली तर त्यावर दोघांपैकी कुणीच वाढायला नको. दोघांना एका नळीत ३७ अंशांवर तासभर एकत्र ठेवायचं, मग त्या अगरवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. पहिल्या खेपेला माझी चांगलीच फजिती झाली. मिश्रणाची प्लेट गच्च भरलेली पाहून मी खूश, तर शेजारची, नुसता दुसरा वाण पसरलेली कंट्रोल प्लेटही तितकीच गच्च! अगर पुरेसं निवायच्या आत मी त्यात ॲम्पिसिलीन ओतलं होतं, उष्णतेने त्यातला दम गेला होता. पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा केलं. कंट्रोल प्लेटा कोऱ्या करकरीत आणि मिश्रणाच्या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे दोन्ही औषधांतून तगलेल्या एका पेशीची पिल्लावळ. मोजले, १३७ भरले. एका तासात.

त्या तासात काय झालं असेल? पहिल्या वाणाकडे त्याच्या मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचं एक छोटं, सुटं कडं असतं. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. ॲम्पिसिलीन फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक त्या कड्यावर. त्याच कड्यावर आणखी काही जनुकं असतात, ती पेशीच्या अंगातून एक बारीक दोरा बाहेर काढतात. दोरा शेजाऱ्याला चिकटतो, मग आखडतो आणि दोन पेशी एकमेकींना भिडतात. इकडे कड्याच्या दोन धाग्यांपैकी एकाला ठरलेल्या जागी काप दिला जातो आणि तो धागा उलगडत पलीकडे सरकतो. दोन्हीकडे राहिलेल्या एकेका धाग्याचा जोडीदार नव्याने विणला जातो. म्हणजे देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. विद्या दिल्याने वाढते म्हणतात ना, अक्षरशः तसं. आणि ज्याला मिळालं तो लगेच देणाराही होतो, कारण दोरा काढायची जनुकंही त्याच कड्यावरून आलेली असतात.

पुस्तकांत याला जिवाणूंचं 'लैंगिक पुनरुत्पादन' म्हणतात, आणि हा शब्द मला अजिबात पटत नाही. यात कुणी जन्माला येत नाही. आधी दोन पेशी होत्या, नंतरही दोनच. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ साली ई. कोलायमध्ये हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा लेडरबर्ग जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे पॅरिसमध्ये एली वोलमन आणि फ्रांस्वा जाकोब यांनी अशा जोड्या ठरावीक मिनिटांनी चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये घालून तोडल्या आणि कोणत्या मिनिटापर्यंत कोणतं जनुक पलीकडे पोचलं ते पाहिलं. (त्यांच्या वाणात कडं मुख्य गुणसूत्रातच शिरलेलं असतं, म्हणून गुणसूत्रही मागोमाग सरकतं.) अख्खं गुणसूत्र जायला सुमारे शंभर मिनिटं लागतात. त्यामुळे बरीच वर्षं ई. कोलायचा जनुकांचा नकाशा मिनिटांत मोजला जायचा. मला ही गोष्ट फार आवडते. कुठल्या गावाचं अंतर विचारलं की 'दोन तास' असं सांगतो, त्यातलाच प्रकार.

देणारा जिवंतच असायला हवा असंही नाही. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे निरुपद्रवी जिवंत जंतू आणि घातक पण उष्णतेने मारलेले जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात घातक जातीचे जिवंत जंतू मिळाले. मेलेल्यांकडून जिवंतांनी काहीतरी घेतलं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, हे ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. तिसरा मार्ग विषाणूंचा. बॅक्टेरियावर जगणारे विषाणू स्वतःचा डीएनए खोक्यात भरताना कधी चुकून यजमानाचाच तुकडा भरतात आणि पुढच्या घरी नेऊन टाकतात. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी हे १९५२ मध्ये मांडलं.

कॉलऱ्याचा जंतू तर या सगळ्यांत वस्ताद. ज्या विषामुळे माणसाला जुलाब होतात त्या विषाचं जनुक मुळात त्याचं नाहीच, ते त्याच्यात मुक्काम ठोकलेल्या एका विषाणूचं आहे. घटसर्पाच्या विषाचीही हीच कथा. शिवाय पाण्यात हा जंतू कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचावर वाढू लागला की कवचातल्या कायटिनमुळे त्याची डीएनए गिळायची यंत्रणा सुरू होते. त्याच वेळी भाल्यासारखं एक हत्यारही सुरू होतं. त्याने शेजाऱ्याला भोसकायचं, तो फुटला की त्याचा डीएनए आत ओढायचा. इथे विद्यादान वगैरे काही नाही, सरळ दरोडा आहे.

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या शिगेला जंतूंवर सल्फा औषधं चालेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आली. १९५० च्या दशकात तिथल्या रुग्णांत असे शिगेला सापडू लागले, ज्यांना या चारही औषधांनी काही होत नव्हतं. म्युटेशनच्या हिशेबाने हे बसेना. एका औषधाविरुद्धचं म्युटेशन कोट्यवधींत एखाद्याला होतं, मग चार एकाच पेशीत व्हायची शक्यता म्हणजे कोटीला कोटीने तीन वेळा गुणा, तितक्यांत एक. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचिआई यांच्या गटांनी दाखवलं की चारही जनुकं एकगठ्ठा येतात, आणि आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडून शिगेलाकडे जाऊ शकतात.

साध्या ई. कोलायकडून! आपल्या सगळ्या जनजागृतीत नेमकी हीच गोष्ट सुटते असं माझं मत आहे. पोस्टरवर दात विचकणारा हिरवा जंतू आणि समोर ढाल घेतलेली गोळी. पण गोळीला 'आजाराचा जंतू' ओळखता येत नाही. घशासाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या अब्जावधी निरुपद्रवी बॅक्टेरियांपर्यंतही पोचते. त्यांच्यात ज्याच्याकडे कडं असेल तो उरतो, वाढतो, आणि आजार बरा झाल्यावरही आत राहतो. त्याच्यापासून आपल्याला काही त्रास नाही. पण पुढे कधी एखादा वाईट पाहुणा आला, तर द्यायला त्याच्याकडे कडं तयार असतं. म्हणून विषाणूमुळे झालेल्या सर्दीसाठी 'घेऊन तर बघू' म्हणत अँटिबायोटिक घेणं मला निरुपद्रवी वाटत नाही. सर्दीला फरक पडत नाही, आतल्या वस्तीला पडतो. जनावरांना दिलेल्या औषधांचंही तेच. कोलिस्टिन हे अगदी शेवटच्या फळीतलं औषध. त्याला निकामी करणारं, प्लाझ्मिडवर बसलेलं एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. तिथे कोलिस्टिन पशुपालनात भरपूर वापरलं जात होतं.

'मग औषध थांबवलं की कडं टाकून देतील ना? उगाच कोण ओझं वाहील?' हा प्रश्न मीही विचारला होता. कधी देतात टाकून. पण काही प्लाझ्मिडांची यावर पक्की तजवीज असते. ती पेशीत एक विष आणि त्याचा उतारा, दोन्ही बनवत राहतात. विष टिकाऊ, उतारा मात्र भराभर संपणारा. विभाजनात एखाद्या लेकीला कडं मिळालं नाही, तर तिच्यात आईकडून आलेलं विष शिल्लक असतं आणि नवा उतारा बनत नाही. ती मरते किंवा तिची वाढ खुंटते. खंडणीखोराला घराबाहेर काढावं तर घराची चावी त्याच्याच खिशात. त्यात चार औषधांची जनुकं एकाच कड्यावर असली, तर एक औषध चालू राहिलं तरी उरलेली तीन फुकटात सांभाळली जातात.

आणि ही जनुकं आपण निर्माण केलीत असंही समजू नका. कॅनडातल्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतून पेनिसिलीन गटातल्या आणि टेट्रासायक्लीनसारख्या औषधांना दाद न देणारी जनुकं मिळाली आहेत. अँटिबायोटिक मुळात बुरशी आणि बॅक्टेरियांचीच, उतारेही त्यांचेच. आपण फक्त शे-शंभर वर्षांत त्या उताऱ्यांना प्रचंड गिऱ्हाईक मिळवून दिलं.

त्या प्लेटची एक गोष्ट राहिली. मोजून झाल्यावर ती मी आळसाने आणखी एक दिवस इनक्युबेटरमध्येच ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रत्येक मोठ्या ठिपक्याभोवती रव्याच्या कणीसारखे बारके ठिपके उगवलेले. मला वाटलं, यांनाही जनुक मिळालं! मॅडम हसल्या. मोठ्या ठिपक्यातून पाझरलेल्या एन्झाइमने आजूबाजूचं ॲम्पिसिलीन संपवलं होतं, आणि त्या रिकाम्या पट्ट्यात ही मंडळी शेजाऱ्याच्या जिवावर वाढत होती. 'विश्वास नसेल तर हलवून बघ,' म्हणाल्या. मोठ्या ठिपक्याला न टेकलेली एक कणी सुईने उचलून ताज्या प्लेटवर ओढली. दुसऱ्या दिवशी तिथे सुईचा ओरखडा होता, बाकी काही नाही.