बटरफ्लाय सकर टाकला म्हणून फिल्टर बंद करू नका

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘माशांच्या टाकीत बटरफ्लाय सकर सोडा. शेवाळ, विष्ठा सगळं खातो, वर्षभर पाणी बदलू नका. तळाला राहतो, त्याला पंप-फिल्टर लागत नाही. उन्हाळ्यात बर्फ टाका. हौदात सोडलात तर डासांच्या अळ्या संपतील. नकोसा झाला तर तलावात सोडा.’ भाच्याने हे वाचून फिल्टरचा प्लगच काढला, म्हणून हे लिहिणं आलं.

हा मासा मुळात सकर, म्हणजे तोंडाने चिकटणारा कॅटफिश, नाही. तो हिलस्ट्रीम लोच. दुकानात बहुधा सेवेलिया जातीचा मिळतो, व्हिएतनाम-लाओसकडच्या वाहत्या ओढ्यांतला. पंख पसरून दगडाला चिकटतो.

सगळ्यात घातक थाप फिल्टरची. ओढ्यात हा तळाला असतो खरा, पण तिथे दगडांवरून पाणी सतत खळाळत असतं. टाकीत पाणी फिल्टरच हलवतो; प्राणवायू पृष्ठभागावरून मिसळतो आणि तळाचा कुजका गाळ हा प्राणवायू खाऊन टाकतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ६.९. पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. त्याला मानवतं २० ते २४ अंश, आणि एप्रिलमधलं आपलं घर कसं तापतं ते सांगायला नको. कल्ले धपापत मासा काचेवरून पाण्याच्या रेषेपर्यंत चढला की लोक म्हणतात, बघा कसा काच साफ करतोय! अहो, तो गुदमरतोय.

पाणी न बदलण्याचंही तेच. विष्ठा हा खात नाही, उलट स्वतःची भर घालतो. त्यातून अमोनिया होतो. १९७५ साली एमर्सन आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे: पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, ते सांगणारा आकडा) ८ असताना अमोनियाचा विषारी भाग २० अंशांना ३.८ टक्के, ३० अंशांना ७.५ टक्के. घाण तेवढीच, विष दुप्पट. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याचा पीएच ८ निघाला तर नवल नाही. पीएचची पट्टी बुडवून बघा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन काढून. फिल्टर चोवीस तास चालू हवा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्या स्पंजात असतात. तो तासन्‌तास बंद राहिला की तेही मरतात.

शेवाळाचं अर्धं खरं आहे, मान्य. काचेवरचा तपकिरी पातळ थर हा खरवडतो. केसाळ हिरव्या शेवाळाला तोंड लावत नाही. नव्या चकचकीत टाकीत तर उपाशी मरतो.

बर्फाचा हिशोब करा. २ फुटी टाकीत साधारण ५५ लिटर पाणी. १ लिटर बर्फ पूर्ण वितळला तरी उतरतात जेमतेम २ अंश, आणि थोड्या वेळात पारा परत वर. हा चढउतारच माशाला मारतो. त्यापेक्षा झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी, बाष्पीभवनाने २ ते ४ अंश सहज उतरतात. आटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, नाहीतर क्षार साठत जातात. तेवढ्यानेही भागणार नसेल तर हा मासा घेऊच नका.

डासांच्या अळ्या पाण्याच्या वरच्या थराला लटकतात, याचं तोंड पोटाखाली. हौदासाठी गप्पी आहेत की!

आणि तलावात सोडायचं तर नावच काढू नका. हा उन्हात मरेल; पण त्याच सल्ल्याने लोक खरा सकरही सोडतात, आणि तो मरत नाही. उजनीच्या जाळ्यांत तो सापडतोच आहे. नको असेल तर दुकानदाराला परत द्या.