कीबोर्डच्या खटखटीबद्दल

नमस्कार. "यंत्रं शांत झाली हीच प्रगती, तुम्ही नकली टकटक घालून आठवणींचे लाड करताय, आणि घरच्यांची झोप मोडताय," असं तुम्ही लिहिलंत. आठवणी आहेतच. टायपिंग मी इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या मशीनवर शिकलो. पण लॅपटॉपवर कळ दाबली की टक् वाजवणारा प्रोग्राम लावला तो कामासाठी.

संगणकही पूर्वी बोलायचे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलच्या (मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) कीबोर्डमध्ये छोटा स्पीकर होता, कळ दाबली की टक्. ओळीत आठ अक्षरांची जागा उरली की टाइपरायटरसारखी घंटाही वाजवता यायची. नको त्याने दोन्ही बंद करावं. आयबीएमच्या मॉडेल एम या जुन्या कीबोर्डमध्ये तर वेगळा स्पीकर लागतच नाही: कळीखालची स्प्रिंग वाकते तेव्हाच टक् होतं आणि तेव्हाच अक्षर लागतं. समोरच्या कागदावरून मजकूर उतरवताना नजर कागदावर असते, अक्षर लागलं की नाही ते कान सांगतो. लॅपटॉपच्या चपट्या कळांनी हेच काढून घेतलं.

'नकली' या शब्दाला म्हणूनच माझी हरकत आहे. मी बकलस्प्रिंग नावाचा प्रोग्राम वापरतो. त्यात मॉडेल एमच्या प्रत्येक कळीचा दाबल्याचा आणि सोडल्याचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड केलेला आहे. कळ संगणकापर्यंत पोचली तरच तो वाजतो. अर्धवट दाबलेली कळ गप्प राहते, आणि चूक तिथल्या तिथे समजते.

अट एकच, आवाज वेळेवर यायला हवा. इंग्रजी ४०च्या स्पीडला, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांना, मिनिटाला साधारण २०० ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.३ सेकंद. त्यात आवाज जरा मागे पडला की बोटं अडखळतात. ब्लूटूथ हेडफोनवर मला हा अनुभव आला. आता वायरचाच वापरतो. त्यामुळे घरच्यांच्या झोपेचाही प्रश्न सुटला. तो मुद्दा तुमचा अगदी रास्त होता.

मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला) घ्या म्हणालात, तर टेबलावर जरूर घ्यावा. प्रवासात लॅपटॉपबरोबर तो कुठे वागवणार?

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. असा प्रोग्राम तुमची प्रत्येक कळ वाचतो, पासवर्डचीसुद्धा. म्हणून ज्याचा कोड उघडा आहे, म्हणजे कुणालाही वाचून तपासता येतो, तोच बसवा, कुठलाही फुकटचा उतरवू नका. आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज बंद ठेवा. बकलस्प्रिंगमध्ये स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की तो गप्प होतो.