राजाच्या परवानगीची ती पाटी कधी नव्हतीच

‘जुन्या इंग्लंडमध्ये मूल हवं असेल तर जोडप्याला राजाची परवानगी लागे. ती मिळाली की दारावर पाटी लागायची: फॉर्निकेशन अंडर कन्सेंट ऑफ द किंग. त्याच्या आद्याक्षरांतून फक ही शिवी जन्मली.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि शिकलेसवरलेले लोक तो माहिती म्हणून पुढे पाठवतात. तो सपशेल खोटा आहे.

आधी परवानगी. सामान्य नवरा-बायकोला मूल व्हावं की नाही हे इंग्लंडचा राजा ठरवत नव्हता. भूदासाच्या मुलीच्या लग्नाला ‘मर्चेट’ नावाची पट्टी लागे खरी, पण ती लग्नासाठी, आणि स्थानिक जमीनदाराला. शिवाय फॉर्निकेशन म्हणजे लग्नाविना संबंध. तो गुन्हा चर्चच्या न्यायालयात चाले. लग्न झालेलं जोडपं तो शब्द स्वतःच्या दारावर कशाला लावेल? आणि वाचणार तरी कोण? बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

आद्याक्षरांतून सरळ उच्चारता येईल असा शब्द घडवणं इंग्रजीत रुजलं ते विसाव्या शतकात. ‘अ‍ॅक्रोनिम’ हा शब्दच १९४०च्या दशकातला.

मग शब्द आला कुठून? जर्मन ‘फिकेन’, डच ‘फोकेन’ ही त्याची भावंडं. ढकलणं, आदळणं, पुढेमागे हलणं अशा अर्थांभोवती हे कुटुंब जमलेलं आहे. इंग्लंडबाहेरच्या भाषांत इतकी भावंडं असताना इंग्लंडच्या राजाची पाटी हवी कशाला? चेस्टरच्या न्यायालयीन नोंदींत १३१० साली रॉजर ‘फकबायदनॅव्हल’ नावाचा एक इसम सापडतो. आडनाव कुणीतरी चिडवायला ठेवलेलं असणार, आणि चिडवणं लागू पडायला शब्द लोकांच्या तोंडी असावा लागतो.

मला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो तो पंधराव्या शतकातल्या एका कवितेचा. केंब्रिजच्या कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंची ती खिल्ली आहे, लॅटिन आणि इंग्रजी एकमेकांत मिसळून लिहिलेली. हे साधू स्वर्गात नाहीत, कारण ते केंब्रिजजवळच्या ईली गावातल्या बायकांशी संग करतात, असं कवी म्हणतो. तिथे त्याने इंग्रजी क्रियापदाला लॅटिन प्रत्यय लावून ‘फुकांत’ केलंय आणि ते सांकेतिक लिपीत लपवलंय: प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. राजाची अधिकृत मोहोर असलेला शब्द कुणी असा लपवेल का?

‘फॉर अनलॉफुल कार्नल नॉलेज’ (बेकायदा शरीरसंबंधासाठी) ही दुसरी आवृत्तीही बाद. ‘कार्नल नॉलेज’ ही कायद्यातली खरी संज्ञा, पण तिची आद्याक्षरं गुन्हेगारांच्या खोड्यावर लिहीत असल्याचा पुरावा नाही.

या थापा फोफावल्या याला कोशकारही जबाबदार आहेत, असं माझं ठाम मत आहे. नेथन बेली यांच्या १७२१च्या कोशात हा शब्द होता. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५मध्ये तो वगळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘एफ’चे शब्द छापले गेले, तेव्हाही तो गाळला. व्युत्पत्ती शोधणाऱ्याला कोशात काही मिळेना, आणि त्या पोकळीत पाटीची गोष्ट आरामात बसली. ऑक्सफर्डने शब्द घेतला तो १९७२च्या पुरवणीत. त्याआधी, १९६०मध्ये, तो शब्द असलेली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी छापल्याबद्दल पेंग्विन या प्रकाशनसंस्थेवर खटला भरला गेला होता, आणि पेंग्विन निर्दोष सुटली होती.