स्टेशनचं नाव नवख्या माणसासाठी असतं

रोजच्या प्रवाशाला स्टेशनची पाटी वाचावी लागत नाही. डबा कुठे येतो, जिना कुठे आहे, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. पाटीची गरज पहिल्यांदा येणाऱ्याला, आणि नेमका तोच फसतो.

मुंबई सेंट्रल घ्या. नावात सेंट्रल, पण स्टेशन पश्चिम रेल्वेचं. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिमेवर. गोरेगाव मुंबईत, तर गोरेगाव रोड पार रायगडात, कोकण रेल्वेवर. बेलापूर म्हटलं की नवी मुंबई आठवते, पण दौंड-मनमाड मार्गावरचं बेलापूर म्हणजे श्रीरामपूरचं स्टेशन! कोड तर विचारूच नका. एसयूआर वाचून कुणालाही सुरत वाटेल, पण तो सोलापूरचा. सुरतेचा एसटी.

बांद्र्याला तर जीव तुटतो. लोकलच्या प्लॅटफॉर्मवर एक आजी-आजोबा उभे होते, दोन बॅगा आणि सुतळीने बांधलेला एक खोका. तिकीट बांद्रा टर्मिनसचं. "आजोबा, तुमची गाडी इथून नाही, टर्मिनस वेगळं आहे," म्हटल्यावर त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग खोक्याकडे. त्या वयात सामान उचलून पुन्हा जिना चढायचा, बाहेर रिक्षा शोधायची. चूक त्यांची कशी म्हणायची? त्यांनी बांद्रा वाचलं आणि बांद्र्यालाच उतरले.

थोर माणसांची नावं स्टेशनांना जरूर द्यावीत, मला त्याचा अभिमानच आहे. पण मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि कोल्हापूरचं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरं सीएसएमटीच होतात. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्यात आहे, हे परगावच्या माणसाला नावावरून कळणार कसं? म्हणून तिकिटावर, पाटीवर, घोषणेत गावाचं किंवा भागाचं नाव आलंच पाहिजे. जागा कमी पडली तर दुसरं काहीही कापा, ते कापू नका.

मनावर घेतलं तर हे जमतं. दादरला मध्य आणि पश्चिम, दोन्हींकडे एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झाले आणि मोठा घोळ मिटला. आता दौंड आणि दौंड कॉर्ड लाईन, बांद्रा आणि बांद्रा टर्मिनस अशा जोड्यांकडे बघा. यातलं कुठलंही तिकीट निघालं की त्यावर ठळक छापा: याच नावाचं दुसरं स्टेशन वेगळं आहे, गाडी तिथून सुटत नाही.