हेतू एकच कसा असेल?

कथा-कादंबऱ्या चांगलं-वाईट ओळखायला शिकवतात, हा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा मुद्दा मला अर्धाच पटला. चांगलं काय, वाईट काय, हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. ठाऊक असूनही माणूस तसा का वागतो, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि साहित्याची खरी ताकद तिथे दिसते.

रशियन लेखक दस्तयेवस्कीची १८६६ मधली 'क्राइम अँड पनिशमेंट' ही कादंबरी घ्या. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह हा गरीब तरुण एका म्हाताऱ्या सावकारणीचा खून करून तिला लुटतो. पुढे सोन्या नावाच्या तरुणीपुढे तो खुनाची कबुली देतो, तेव्हा कारणं बदलत जातात. आधी नेपोलियनसारखं, नियमांपलीकडचं थोर व्हायचं होतं म्हणतो, मग आई-बहिणीची गरिबी पुढे करतो. तेही खोडून काढतो आणि शेवटी म्हणतो, मी स्वतःसाठीच मारलं. यातलं कुठलंच कारण निव्वळ थाप वाटत नाही! आणि लुटलेलं पाकीट? ते त्याने न उघडताच दगडाखाली पुरलेलं. आत ३१७ रूबल होते, हेही त्याला माहीत नव्हतं. खटल्यात न्यायाधीशांना हे पटता पटत नाही, कारण त्यांना चोरीचा सरळ हेतू हवा असतो.

आपणही एरवी त्या न्यायाधीशांसारखेच वागतो. अमक्याने पैशासाठी केलं, तमक्याने मत्सरापोटी, असं एका वाक्यात उरकून टाकतो. कादंबरी ती घाई करू देत नाही. म्हणून वाचणारा आपोआप सज्जन होतो, असं मात्र मला वाटत नाही. त्या लेखात तसं गृहीत धरलंय, ते खटकलं. उत्तम वाचन असलेली दुष्ट माणसंही असतातच की.