फी आणि तारीख, दोन्ही कागदावर मांडा

तुमच्या लेखात शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफरला, म्हणजे एका क्रेडिट कार्डावरची बाकी ठरावीक मुदतीसाठी बिनव्याजी दुसऱ्या कार्डावर नेण्याला, ‘फुकटचं कर्ज’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. मी न्यू जर्सीत राहते. आजारपणात एका कार्डावर सहा हजार डॉलर साठले होते, व्याज वर्षाला 24 टक्के, म्हणजे महिन्याला जवळपास 120 डॉलर नुसतं व्याजातच जायचे. दुसऱ्या कार्डाची 18 महिन्यांची शून्य टक्क्याची ऑफर घेतली. 3 टक्के फी, 180 डॉलर, पहिल्याच दिवशी बाकीत जमा झाली. तरीही सौदा फायद्याचाच होता. 6,180 भागिले 18, महिन्याला साधारण 344 डॉलर.

चूक पुढे झाली. त्याच नव्या कार्डावर मी किराणा घ्यायला लागले. जुनी बाकी शिल्लक असल्यामुळे नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागलं. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, 2009 च्या कायद्यानुसार किमान हप्त्यापेक्षा जास्त भरलेली रक्कम आधी जास्त व्याजाच्या बाकीकडे वळते. त्यामुळे माझे पैसे किराणा फेडत राहिले आणि मूळ कर्ज हवं तसं उतरेना! तीन महिन्यांनी लक्षात आलं, मग ते कार्ड कपाटात ठेवलं आणि हप्ता ऑटोपेवर टाकला, म्हणजे दर महिन्याला तो खात्यातून आपोआप जाईल.

आणखी एक, दुकानांच्या कार्डांवरचं ‘मुदतीत पूर्ण फेडलंत तर व्याज नाही’ हे वेगळं प्रकरण आहे. तिथे मुदतीअखेर थोडी जरी बाकी उरली तरी खरेदीच्या तारखेपासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. नवीन आलेल्या मुलामुलींनी सही करण्याआधी ही ओळ नक्की शोधावी, ही कळकळीची विनंती.